पोस्टग्रेसची ‘कॉपी’ कमांड: आठ महिन्यांनंतर, आणि तारखांचा घोळ निस्तरल्यावर

गेल्या रविवारी वाचनालयात एक आजोबा पावती घेऊन आले. वर्गणी ५ एप्रिलला भरलेली. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. आमच्या यादीत मात्र ४ मे. आजोबांनी आवाजही चढवला नाही, पण मला फार वाईट वाटलं. ती यादी मीच डेटाबेसमध्ये भरली होती.

एक्सेलमधले सहा हजारांवर सभासद डेटाबेसमध्ये न्यायचे होते. एका विक्रेत्याने अठरा हजार सांगितले, शिवाय दरवर्षीची देखभाल वेगळी. तेवढ्यात आमची दिवाळी अंकांची खरेदी होते. म्हणून पोस्टग्रेस हे फुकटचं डेटाबेस सॉफ्टवेअर घेतलं, शीटची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) केली आणि अशी फाइल एकदम टेबलात भरणाऱ्या कॉपी कमांडने भरायला लागलो.

पहिले दोन आठवडे डोकं उठलं. एका ओळीत चूक निघाली की अख्खी फाइल परत. एकदा एरर आली: ओळ १८४७, कॉलम वर्गणी, ‘१००’. आता शंभरात काय चुकलं? अर्धा तास बघत बसलो. मग कळलं, तिथून पुढे ग्रंथपालबाईंनी मराठी कळफलकावर आकडे टाइप केले होते. आपल्याला ते शंभर दिसतात, पोस्टग्रेसच्या पूर्णांकाच्या कॉलमला देवनागरी अंक चालत नाहीत. अक्षराला अक्षर बदलून देणाऱ्या पोस्टग्रेसच्या ट्रान्सलेट फंक्शनने दहाही अंक इंग्रजी करून घेतले आणि गाडी पुढे सरकली. त्याआधी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली होती, ती एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (मराठी अक्षरं टिकवणारा प्रकार) निवडून सेव्ह केल्यावर गेली.

तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की हे आपल्यासारख्यांसाठी नाही. ते मत आज मागे घेतो. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरचा इम्पोर्ट ‘यशस्वी’ म्हणायचा आणि ३७ सभासद गाळायचा. कोण गळलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कॉपी निदान अडते आणि ओळ दाखवते. तो क्रमांक शीर्षकाची ओळ धरून असतो, त्यामुळे एक्सेलमध्ये थेट त्याच ओळीवर जाता येतं. २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती १७ पासून चुकीच्या ओळी सोडून पुढे जाण्याची सोय आहे. मी ती मुद्दाम वापरत नाही.

मग ५ एप्रिलचा ४ मे कसा झाला? रविवारी रात्री मूळ सीएसव्ही उघडली. काही तारखा डॅशच्या, काही तिरक्या रेघेच्या. डॅशवाल्या एकाही तारखेत बाराच्या वरचा आकडा नाही. रेघवाल्या सगळ्या तेरा तारखेपासून पुढच्या. तिथेच उलगडा झाला. वाचनालयाच्या कॉम्प्युटरचं रीजन, म्हणजे देशाची सेटिंग, अमेरिकेचं राहिलं होतं; तिथे महिना आधी लिहितात. बाईंनी ०५/०४ टाइप केलं, एक्सेलने ते ४ मे समजून खरी तारीख करून ठेवली. १३/०४ मध्ये तेरावा महिना कुठून आणणार? तो नुसता मजकूर राहिला. फाइल माझ्या भारतीय सेटिंगच्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर ४ मे झाला ०४-०५, आणि मजकूर होता तसाच. मी पोस्टग्रेसमध्ये डेटस्टाइल (तारखेचा क्रम) डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष ठेवलेलं, त्यामुळे पोस्टग्रेसने दोन्ही मुकाट्याने घेतले.

शीट उघडल्या उघडल्या हे दिसतं, मी बघितलंच नव्हतं: एक्सेलमध्ये खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये दोन्ही दिसले की हात थांबवा.

दुरुस्तीला तासभर पुरला. सगळे कॉलम टेक्स्ट ठेवून एक कच्चं टेबल केलं, त्यात फाइल जशीच्या तशी घेतली. मग मजकुराची तारीख करणारं टू-डेट फंक्शन वापरून डॅशवाल्या ओळी महिना आधी धरून वाचल्या, रेघवाल्या दिवस आधी धरून. जूनअखेर बनवलेल्या त्या फाइलमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरच्या पुढच्या तारखा होत्या, त्याही जागेवर आल्या. पावतीपुस्तकाशी चाळीस नोंदी ताडून पाहिल्या, चाळीसही जुळल्या.

आता थेट मुख्य टेबलात काहीच भरत नाही, आधी कच्चं टेबल. बाईंच्या कॉम्प्युटरचं रीजन बदललं. आजोबांना सोमवारी सकाळी फोन केला; त्यांची तारीख आता ५ एप्रिल आहे.