मुलं वाढवायला कुठली वस्ती बरी, गेटच्या आतली की गल्लीतली?

लहान मुलं असलेल्या घरात जागा बदलायचा विषय निघाला की शोधून शोधून शेवटी दोनच प्रकारच्या जागा समोर उरतात. एक म्हणजे शहराच्या कडेला नवीन झालेली, चारी बाजूंनी भिंत, गेटवर गार्ड, आत गार्डन आणि झोपाळे. दुसरी म्हणजे आतल्या भागातली जुनी गल्ली, खाली दुकानं वर घरं, शाळा चालत जाण्यासारखी पण दिवसभर वर्दळ. सोयीसाठी पहिलीला गेटवाली म्हणू आणि दुसरीला गल्लीवाली. दोन्हीकडे चांगली मुलं वाढतात, दोन्हीकडे मुलांचे हालही होतात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका, नेमकं काय बघायचं ते सांगते.

माझ्या मते सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची. संध्याकाळी त्या वस्तीत जाऊन उभं राहायचं आणि आठ-दहा वर्षांची मुलं मोठ्या माणसाशिवाय बाहेर दिसतात का ते बघायचं. चालत कुठेतरी निघालीयत, सायकलवर आहेत, कोपऱ्यावर चौघं मिळून काहीतरी खेळतायत, असं दिसलं तर तिथल्या आईबाबांनी स्वतः राहून, अनुभव घेऊन त्या जागेवर विश्वास टाकलाय असा त्याचा अर्थ होतो. गार्ड, कॅमेरे, झोपाळे हे सगळं त्याच्यानंतर.

हे एवढं ठामपणे का म्हणते, तर इंग्लंडमध्ये याचा अभ्यास झालेला आहे. तिथे १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची सुमारे ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची, १९९० पर्यंत ते प्रमाण जेमतेम ९ टक्क्यांवर आलं. त्याच काळात रस्त्यावर मुलं दगावण्याचं प्रमाण कमी झालं, पण गाड्या तर कितीतरी वाढल्या होत्या. रस्ते काही फार सुधारले नव्हते, मुलंच रस्त्यावरून आत घेतली होती. म्हणून कोणी जागा दाखवताना "इथे आजपर्यंत एकही अॅक्सिडेंट झालेला नाही" असं सांगितलं तर लगेच विचारायचं, की तो रस्ता मुलं मुळात ओलांडतात का हो?

आता ट्रॅफिक, आणि याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण आईबाबा चोऱ्यांबद्दल दहा प्रश्न विचारतात आणि गाड्यांबद्दल एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ते अपघात आहे, म्हणजे मूल पाच वर्षांचं झाल्यापासून सगळ्यात मोठा धोका गाड्यांचा.

गेटवालीत आतले रस्ते शांत असतात हे खरंच, पण गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की काय आहे ते बघा. बऱ्याचदा नवीन वस्त्या मोठ्या रुंद रस्त्याला लागून असतात, तिथे गाड्या सुसाट जातात, फुटपाथ मध्येच संपतो, सिग्नल लांब असतो. मग शाळा, क्लास, मैदान, मित्राचं घर, सगळीकडे गाडीतूनच सोडावं लागतं आणि मूल बारा वर्षांचं झालं तरी गेटच्या बाहेर एकटं जाऊ शकत नाही. आत सुद्धा एक जागा नीट बघायची, ती म्हणजे पार्किंग. मोठ्या गाडीच्या मागे उभं असलेलं छोटं मूल ड्रायव्हरला आरशात दिसतच नाही, आणि रिव्हर्स घेताना होणाऱ्या अशा अपघातांत गाडी चालवणारा बऱ्याचदा घरातलाच किंवा शेजारचाच असतो. खेळायची जागा आणि गाड्यांची वाट पूर्ण वेगळी आहे का, की बॉल सुटला तर थेट गाड्यांमध्ये जातो, एवढं एकदा डोळ्यांनी बघून या.

गल्लीवालीत उलटं असतं. बघताना गोंधळ वाटतो, हॉर्न वाजत असतात, पण रस्ता अरुंद असल्यामुळे गाड्यांना वेग घेताच येत नाही, आणि जीव वाचतो की नाही हे खूपसं वेगावरच ठरतं. ताशी ३० किलोमीटरच्या गाडीने धडक दिली तर पायी चालणारा माणूस वाचण्याची शक्यता भरपूर असते, ५० ला जीव जाण्याचा धोका कित्येक पट होतो. म्हणूनच २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरातल्या देशांची रस्ता सुरक्षेवर परिषद झाली तिथल्या जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा हवी असं म्हटलं गेलं. शिवाय प्राथमिक शाळेतल्या मुलांना वेगात येणाऱ्या गाडीचा अंदाज धड येत नाही, मुलांचे डोळे-मेंदू अजून तेवढे तयार झालेले नसतात, त्यामुळे "आमची मुलगी खूप हुशार आहे, ती बघून ओलांडते" याच्यावर भरवसा ठेवू नये.

पण हे सगळं गल्लीत फक्त तिथल्याच लोकांच्या गाड्या येत असतील तर. ती गल्ली दोन मोठ्या रस्त्यांमधला शॉर्टकट असेल तर ऑफिस सुटायच्या वेळी तिथून गाड्यांची रांग जाते आणि रिकामी असेल तेव्हा लोक भरधाव काढतात. रविवारी सकाळी बघून हे कळत नाही. शाळा सुटायच्या वेळी एकदा आणि ऑफिस सुटायच्या वेळी एकदा जाऊन उभं राहा.

आणि हो, रस्ता बदलता येतो. नेदरलँड्समध्ये १९७१ साली ४०० हून जास्त मुलं रस्ते अपघातांत दगावली, तेव्हा आईबाप आणि मुलं रस्त्यावर उतरून आंदोलनं झाली, आणि त्या दशकात तिथे घरांमधल्या गल्ल्या अशा बदलल्या गेल्या की गाडीने माणसाच्या चालीने जायचं आणि मुलांनी रस्त्यातच खेळायचं. म्हणून वस्ती निवडताना तिथले लोक मिळून एखादी गोष्ट मागतात का, साधा एक स्पीडब्रेकर तरी कोणी पाठपुरावा करून करून घेतलाय का, हे जरूर विचारा. ज्या वस्तीत लोक एकमेकांना ओळखतच नाहीत तिथे असलं काही होत नाही.

आता माणसांची भीती, म्हणजे अनोळखी लोक, चोऱ्या, छेडछाड. इथे गेटवाली सहज जिंकते असं वाटतं, आणि काही बाबतीत जिंकतेही, बाहेरचा कोणीही उठून आत येत नाही, सायकल बाहेर राहिली तरी सहसा जात नाही. पण मुलांवर होणाऱ्या अत्याचारांत करणारा बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतलाच असतो, आणि ओळखीच्या माणसाला गेटवर कोण अडवणार? कॅमेरा असला तरी तो बहुतेक वेळा झाल्यानंतर दाखवतो. दुपारी दोन वाजता गेटवालीत जाऊन बघा, कित्येक ठिकाणी एक माणूस दिसत नाही, जिने, बेसमेंट, गच्ची सगळं सुनसान, आणि शाळेतून आलेलं मूल तिथून एकटं लिफ्टने वर जातं.

गल्लीत दुकानदार बसलेला असतो, वरच्या खिडकीतून कोणीतरी बघत असतं, मूल नेहमीच्या वेळी दिसलं नाही तर कोणीतरी विचारतं. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच हे मांडलं होतं की रस्ता पोलिसांपेक्षा तिथे राहणाऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या नजरेमुळे सुरक्षित राहतो, आणि मला ते आजही पटतं. फक्त या ओळखीपाळखी सुद्धा गाड्यांवर अवलंबून असतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ च्या सुमारास शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अॅपलयार्ड यांनी एकमेकांसारखेच पण कमी-जास्त रहदारीचे रस्ते तपासले होते. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या लोकांना आपल्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एक सुद्धा धड नव्हता. म्हणजे गल्ली जर गाड्यांनी भरलेली असेल तर शेजारपाजारचा जो फायदा आपण गृहीत धरतो तो तिथे मिळेलच असं नाही.

गुन्ह्यांचे आकडे बघताना एक काळजी घ्या. बाजाराच्या किंवा स्टेशनच्या भागात आकडा मोठाच दिसणार कारण दिवसभर हजारो माणसं येतात-जातात, राहणाऱ्यांच्या संख्येशी तो ताडून काही उपयोग नाही. कसले गुन्हे, कुठल्या वेळी, कुठल्या कोपऱ्यावर, हे महत्त्वाचं. पाकीटमारी आणि मारामाऱ्या यात खूप फरक आहे. आणि इथे मी अजिबात मागेपुढे न बघता सांगते, की गल्लीत नशेचा अड्डा असेल, टोळ्यांची भांडणं असतील, रात्री बायका एकट्या जायला घाबरत असतील, तर बाकी सगळे फायदे बाजूला ठेवा आणि गेटवाली घ्या. हे विचारायचं कोणाला, तर जागा विकणाऱ्याला नाही, तिथे राहणाऱ्या कॉलेजच्या वयाच्या मुलींना विचारा, त्यांना नेमका कोपरा सुद्धा माहीत असतो.

हवा आणि आवाज याच्याकडे लोक फार हलकं बघतात. मोठ्या रस्त्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्ये गाड्यांचा धूर जास्त असतो, आणि मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांसाठी, वर्षाच्या सरासरीची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर एवढी खाली आणली, त्यामुळे "सगळीकडे असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका, दोन जागांमध्ये जी रस्त्यापासून आत आहे ती घ्या. आवाजाचं तर न्यूयॉर्कचं प्रसिद्ध उदाहरण आहे. एका शाळेच्या शेजारून उंचावरून रेल्वे जायची, त्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे पडलेली १९७५ च्या अभ्यासात दिसली, मग रुळांचा आवाज कमी केला, वर्गात आवाज शोषणारं छत लावलं, आणि नंतर तो फरक राहिला नाही. म्हणून मूल जिथे झोपणार आणि अभ्यास करणार ती खोली कुठल्या बाजूला आहे ते बघा. यात रस्त्याला चिकटलेली गेटवाली आणि आतली गल्लीवाली यांत गल्ली जिंकू शकते, नावावरून ठरत नाही.

घराच्या आसपासचे धोके दोन्हीकडे वेगळे असतात. गेटवालीत पुढचे टप्पे बांधायचं काम वर्षानुवर्षं चालू राहतं, धूळ, उघडे खड्डे, पाण्याच्या टाक्या, आणि लहान मूल अगदी थोड्या पाण्यात सुद्धा बुडू शकतं, तेही आवाज न करता. उंच मजला असेल तर खिडक्यांना आणि बाल्कनीला ग्रिल लागतेच. जुन्या घरात भिंतीचा रंग निघत असेल तर त्यात शिसं असू शकतं, आणि शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही, त्यामुळे ते पोपडे तपासून घ्या. जुनी वायरिंग, तुटकी गटाराची झाकणं, हे पण बघा.

वयाचा मुद्दा मला सगळ्यात निर्णायक वाटतो. मूल चार-पाच वर्षांपर्यंतचं असेल तर गेटवाली खरंच सोपी पडते, खाली उतरलं की बाग, समवयस्क मुलं, आईबाबांनाही थोडा श्वास. सहा ते बारा मध्ये तराजू हळूहळू गल्लीकडे झुकतो कारण मुलाला स्वतःहून कुठेतरी जायचं असतं. आणि टीनएजर झाल्यावर जिथून बस, लायब्ररी, मैदान, मित्र चालत किंवा सायकलने गाठता येत नाहीत तिथे ती मुलं अक्षरशः कोंडली जातात, मग पूर्ण वेळ मोबाईल आणि वर आपणच ओरडतो.

"मोठा झाला की बघू बदलायचं" असं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. अमेरिकेत १९९० च्या दशकात अतिशय गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना लॉटरी पद्धतीने चांगल्या वस्तीत जायची संधी दिली होती. जी मुलं १३ वर्षांच्या आत असताना हललेली होती त्यांची पंचविशीतली कमाई न हललेल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त निघाली, त्याहून मोठ्या वयात हललेल्यांना तो फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. याचा अर्थ भारी वस्ती घ्या असा काढू नका, ती कुटुंबं फार बिकट जागेतून बाहेर पडलेली होती. पण बदलायचंच असेल तर लवकर बदला, आणि दहावी-बारावीच्या वयाच्या मुलाला शाळा-मित्रांपासून तोडताना दहादा विचार करा.

दोघंही नोकरी करत असाल तर संध्याकाळी उशीर झाल्यावर मूल कोणाकडे बसेल याचं उत्तर दोन्ही जागांसाठी वेगवेगळं लिहून काढा. मुलाला काही वेगळी गरज असेल, व्हीलचेअर असेल, आवाजाचा त्रास होत असेल, तर वरचं बरंचसं उलटंपालटं होईल, तिथे शांत आणि सपाट गेटवालीच बरी पडण्याची शक्यता जास्त.

तरीही दोन्ही सारख्याच वाटत असतील तर प्रत्येक जागेतल्या खटकणाऱ्या गोष्टी दोन ढिगांत टाका, आपण बदलू शकतो त्या एकीकडे आणि नाही बदलू शकत त्या दुसरीकडे. ग्रिल, रंग, वायरिंग, ओळखी, शाळेची बस हे होतं. हायवे हलत नाही, अड्डा आपल्या सांगण्याने उठत नाही, शाळेचं अंतर कमी होत नाही. दुसऱ्या ढिगात जिथे कमी गोष्टी आहेत तिथे शक्य असेल तर आधी भाड्याने राहून बघा, आणि करार करायच्या आधी मुलाला घेऊन त्या घरापासून शाळेपर्यंत एकदा चालत जा, आपण न बोलता, त्याला पुढे चालू देत.