फिप्रोनिलचे थेंब: आठ महिन्यांनंतर

चिंगी (मांजर, साडेतीन किलो) आणि बाळ्या (गावठी कुत्रा, 18 किलो) एकाच गादीवर झोपतात. पिसवांचं औषध निवडताना आमच्या घरात सगळ्यात आधी हे बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

गेल्या जूनमध्ये बाळ्यासाठी दुकानातून मानेवर टाकायचे थेंब आणले. त्यात पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. खोक्यावर मांजराच्या चित्रावर काट मारलेली होती. ती मला दिसलीसुद्धा, पण चिंगीला कुठे लावायचंय, म्हणून सोडून दिली. दुपारी ती नेहमीसारखी त्याच्या मानेला चिकटून झोपली, त्याला चाटलं. संध्याकाळी तिचे कान फडफडायला लागले, रात्रीपर्यंत सगळं अंग थरथरत होतं. दोन रात्री ती दवाखान्यात होती. वाचली. त्या दोन रात्री मी विसरू शकत नाही, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

जुलैपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने दोघांनाही फिप्रोनिल आणि मेथोप्रीन असलेले थेंब, महिन्यातून एकदा. फिप्रोनिलने मोठ्या पिसवा मरतात, मेथोप्रीनमुळे अंडी-अळ्या पुढे वाढत नाहीत. ट्यूब मात्र वेगवेगळ्या: चिंगीची अर्ध्या मिलीची, बाळ्याची 10 ते 20 किलोवाली. मोठी ट्यूब आणून दोघांत वाटायचा मोह आवरा. शेजारच्या मुलीने उरलेलं सशाला लावू का विचारलं, तेव्हा मी अक्षरशः ओरडले. सशांना फिप्रोनिल घातक आहे.

लावताना केस बाजूला करून कातडी दिसली पाहिजे. केसांवरच सांडलं तर वाया जातं. जागा खवाट्यांच्या वर, मानेच्या बुडाशी, जिथे जीभ पोचत नाही. एकदा मी थोडं खाली लावलं, चिंगीने चाटलं आणि पाऊण तास तोंडातून फेस गाळत बसली. लावण्याआधी आणि नंतर दोन दोन दिवस आंघोळ नाही.

पहिला दीड महिना माझी निराशा झाली. औषध लावूनही पिसवा दिसायच्याच. अंगावरच्या पिसवा म्हणजे थोड्याच. बाकीचा संसार अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात गादीत, सोफ्यात, फरशीच्या फटीत असतो. कोषावर औषध चालत नाही, त्यातून नवीन पिसू बाहेर येतच राहते. म्हणून दर रविवारी चादरी गरम पाण्यात आणि एक दिवसाआड व्हॅक्यूम. सप्टेंबरात तिसरा डोस झाला, त्यानंतर बारीक फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या टिश्यूवर टाकले, तर लालसर डाग उठला नाही. नुसती धूळ होती. पिसवांची विष्ठा असती तर त्यातलं रक्त उतरलं असतं.

तक्रारी दोनच. लावलेल्या जागी दोन दिवस केस चिकट, तेलकट राहतात. आणि कुत्र्या-मांजराच्या ट्यूब दिसायला इतक्या सारख्या, की घाईत हात चुकेल. मी आता दोन वेगळे डबे केलेत. मांजराच्या डब्यावर लाल चिकटपट्टी आहे.

आज चिंगीची तारीख. ती रात्री आईंच्या खोलीत दार लावून झोपेल. बाळ्या दाराबाहेर कुईकुई करेल, पण सकाळी जागा सुकलेली बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं आईंनीच ठरवलंय.