मुलींच्या वसतिगृहाचं एनर्जी ऑडिट करून घेतलं, त्याचा अनुभव

जुळे सोलापुरात आमच्या ट्रस्टचं मुलींचं चार मजली वसतिगृह आहे, त्याचा कारभार मी बघते. एप्रिलमध्ये आम्ही इमारतीचं एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज कुठे लागते आणि कुठे वाया जाते याची मोजून तपासणी, करून घेतलं. फर्म शहरातलीच, छोटी. फी अठरा हजार, वर जीएसटी.

बैठकीत पहिला प्रश्न आला, "हे आपल्याला सक्तीचं आहे का?" नाही. इमारतींच्या वीजवापराची नियमावली, म्हणजे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता (ईसीबीसी), १०० किलोवॅट जोडभार (सगळ्या उपकरणांचा मिळून भार) किंवा १२० केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांडपासून (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) पुढे लागू होते, आणि आमचा भार त्याच्या निम्मासुद्धा नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कक्षेत आल्या आणि ही मर्यादा आणखी खाली आणायचा अधिकार राज्यांना मिळाला, एवढं सांगून मी तो विषय आवरता घेतला. माझा प्रश्न वेगळा होता. वरच्या मजल्यावरच्या मुली उन्हाळ्यात रात्री खोली सोडून खाली जिन्यात अंथरुणं टाकतात. हे कितीदा पाहायचं?

ऑडिटर शोधताना एकाने फोनवरच सांगितलं, "मॅडम, वर्षभराची बिलं व्हॉट्सॲपवर पाठवा, आठवड्यात सर्टिफिकेट देतो." इमारत बघायला कधी येणार, असं विचारलं तर म्हणे त्याची गरज पडत नाही. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या, फाइलसाठी कॉलेजं असे कागद घेतात, हे मला माहीत आहे. मुलींच्या शिक्षणाच्या पैशातून असला कागद घेणं मला पटत नाही.

शेवटी ज्यांना काम दिलं, त्यांच्याकडे ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची, म्हणजे बीईईची परीक्षा पास झालेला माणूस होता. ऊर्जा व्यवस्थापकाला तीन पेपर द्यावे लागतात, ऑडिटरला चौथाही. प्रमाणपत्राचा क्रमांक मी कोटेशनवरच लिहून मागितला आणि त्यांनी तो कुरकुर न करता दिला.

त्यांनी दिलेली पहिली तारीख मी बदलायला लावली. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी आमचा पंप तासन्‌तास चालतो आणि टाक्या भरून घेतो. कोरड्या दिवशी येऊन पंपाचं काय मोजणार? त्यांना हे लगेच पटलं आणि ते पाण्याच्या दिवशी सकाळीच हजर झाले. पाइपला बाहेरूनच चिकटवायचा फ्लो मीटर लावला, पॅनलवर वीज मोजणारा पॉवर अ‍ॅनालायझर जोडला. आमचे वॉचमन मामा म्हणाले, "साहेब, वर्षापासनं असाच आवाज करतोय की ओ तो." ऑडिटरने मामांना शेजारी बसवून घेतलं आणि पंप कधी चालू होतो, कधी बंद, कुठला व्हॉल्व्ह कोण फिरवतं, सगळं विचारून लिहून घेतलं. मला हा माणूस तिथेच आवडला.

निघालं ते असं. एक हजार लिटर पाणी वीस मीटर चढवायला निव्वळ काम लागतं सुमारे ०.०५५ युनिट. आमचा पंप खात होता ०.२४ युनिट, म्हणजे पाऊण वीज वाया. मोटार अनेकदा रिवाइंड केलेली. पंप गरजेपेक्षा मोठा, पाच एचपीचा. आणि पाण्याचा जोर आवरायला डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवलेला. एकीकडे मोठा पंप चालवायचा आणि दुसरीकडे त्याचाच गळा दाबायचा. आता त्या जागी योग्य हेडचा, म्हणजे आमच्या टाकीच्या उंचीला बेताचा, दोन एचपीचा पंप बसवला आहे. हजार लिटरला ०.१२ युनिटच्या आसपास लागतात.

मग छत. मी आग्रह धरला म्हणून ते रात्री नऊला पुन्हा आले. बाहेर हवा ३३ अंशांवर उतरली होती आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची खालची बाजू ४१ अंश. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्री खोलीत सोडतो, आणि पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. जुन्या गावात ज्यांनी माळवदाच्या घरात उन्हाळे काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको: वर हातभर पांढरी माती, आणि खाली दुपारीसुद्धा झोप लागायची. आरसीसीच्या उघड्या स्लॅबवर आपण असं काहीच ठेवत नाही. ऑडिटरने एसी सुचवला नाही. आधी पांढरा परावर्तक थर द्या, पुढे पैसे जमले की उष्णतारोधक थर टाकून वर टाइल बसवा, असं सांगितलं. पहिलं काम आम्ही केलं.

थर्मल कॅमेऱ्यात आणखी एक गोष्ट दिसली, तिचा बिलाशी फारसा संबंध नाही. मुख्य पॅनलमधला न्यूट्रलचा जोड ढिला होऊन तापत होता. त्यांनी अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी मला दाखवलं, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून तो घट्ट करून घेतला. साठ-सत्तर मुली झोपतात त्या इमारतीत. नुसत्या या एका गोष्टीसाठीही मी फी आनंदाने दिली असती.

सोलर वॉटर हीटरचा इलेक्ट्रिक बॅकअप रात्रभर चालू राहायचा, म्हणजे सकाळी टाकी आधीच गरम आणि उन्हाला तापवायला काही उरत नव्हतं. टायमर लावला. पंख्यांचं म्हणाल, तर सगळे बदलायला त्यांनी सांगितलं नाही. अभ्यासिकेतले आणि वरच्या मजल्यावरचे, जे सर्वांत जास्त तास चालतात, तेवढेच आधी. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा नवा पंखा) तिशीच्या आसपास.

आता तक्रारी. अहवाल उशिरा आला आणि पूर्ण इंग्रजीत. सुरुवातीची बरीच पानं कुठल्याही इमारतीला चालतील अशी. मामांना, मेसच्या मावशींना त्यातलं काय कळणार? व्हॉल्व्ह आणि टायमर तर तेच हाताळतात. मी मागितल्यावर मराठीत दोन पानं करून दिली. ती न मागता मिळायला हवी होती. याहून गंभीर चूक हिशेबात होती. खर्च किती महिन्यांत वसूल होईल हे काढताना आमच्या बिलावरचा दर सोडून व्यापारी दर धरला होता, त्यामुळे प्रत्येक शिफारस आहे त्यापेक्षा फायद्याची दिसत होती. बिल समोर ठेवल्यावर दुरुस्त केलं, वादही घातला नाही. पण जो ट्रस्टी नुसता शेवटचा तक्ता बघतो, त्याच्या नजरेतून हे सुटलं असतं.

स्टार रेटिंगही मिळेल का, असं विचारलं होतं. बीईईची इमारतींची स्टार योजना २००९ पासून आहे. कार्यालयं, बीपीओ, मॉल, रुग्णालयं अशा प्रकारांसाठी, आणि वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट लागतात त्यावर. वसतिगृह त्यात नीट बसत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. सोलर पॅनल, पंखे, रंग यांपैकी ते स्वतः काहीच विकत नाहीत, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

पाचपैकी चार. अठरा हजार रुपये छोट्या संस्थेला जड आहेत, तरी देईन. कोटेशन घेताना "उपाय केल्यानंतर पुन्हा मोजणी" ही ओळ लिहून घ्या. आमच्यात ती होती, म्हणून मे महिन्यात ते त्याच खोलीत, रात्री नऊलाच येऊन मोजून गेले. बाहेरची हवा तितकीच गरम होती. स्लॅब चार-पाच अंशांनी उतरला होता.