पहिला वायरलेस सेट कोणता? ४४६ चा डबा, २७ मेगाहर्ट्झ की हॅमचा हँडी

सेट घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "रेंज किती?" दुसऱ्यांदा विचारतो, "किती वॅटचा?" दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी विचारायचं ते हे, की पलीकडे बोलणार कोण. ट्रेकमधले सहा जण, की परिसरातले अनोळखी हॅम (परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारे), की नुसतीच जुन्या सीबीच्या, म्हणजे २७ मेगाहर्ट्झवरच्या नागरिकांच्या रेडिओच्या दिवसांची हौस? या उत्तरावर बँड ठरतो, परवाना ठरतो, आणि मग सेट आपोआप उरतो.

तरी रेंजचं आधी मिटवून टाकू. ४४६ किंवा १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण दिसेल तिथवर जातात. सपाट जमिनीवर अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की त्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दोन्ही टोकांची बेरीज करायची. दीड मीटरवर सेट धरून उभी असलेली दोन माणसं म्हणजे जेमतेम १० किमी, तेही मोकळ्या माळावर. कोथरूडच्या गल्ल्यांत एक-दीड किमी मिळाले तर नशीब. उलट पायथ्यापासून साडेसातशे मीटर उंचीवर उभं राहिलं तर एकट्या त्या टोकाचं क्षितिज ११० किमीच्या पुढे जातं. म्हणूनच सिंहगडावरून अर्ध्या वॅटचा सेट पर्वतीवर स्वच्छ ऐकू येऊ शकतो, आणि पुणे दरवाज्याशी उभ्या असलेल्याला कल्याण दरवाज्याखाली उतरलेला सोबती मिळत नाही. मध्ये डोंगर आहे. तिथे ५ वॅटचा ८ वॅट केला तरी फरक २ डेसिबलचा, म्हणजे सेटच्या सिग्नल-मीटरवरच्या एका घराचा (एस-घराचा) तिसरा हिस्सा. कानाला तो कळतही नाही.

४४६ चे परवानामुक्त सेट

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात कमी शक्तीच्या वॉकी-टॉकींना परवान्याविना खुला आहे. युरोपात हेच सेट पीएमआर-४४६ म्हणून चालतात: अर्धा वॅट, न निघणारी अँटेना, १२.५ किलोहर्ट्झच्या अंतरावर १६ चॅनल. ट्रेकचा गट, सोसायटीचा वॉचमन, लग्नाच्या हॉलवरची धावपळ, शेतावर पंपाशी एक आणि विहिरीशी एक, या सगळ्याला हाच सेट. हॅमचा परवाना असला तरी त्यावर धंद्याचं बोलता येत नाही, त्यामुळे वॉचमनला हॅमचा हँडी देणं दोन्ही बाजूंनी चूक आहे.

घेताना दोन गोष्टी बघाव्यात. सेटवर नेमकी फ्रिक्वेन्सी छापलेली हवी आणि त्या मॉडेलचं ईटीए, म्हणजे उपकरण-मान्यतेचं प्रमाणपत्र, असायला हवं. ऑनलाइन दुकानांवर हा तपशील न देता वॉकी-टॉकी विकल्या जात होत्या. म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये खास मार्गदर्शक सूचना काढल्या.

दुसरी फसगत घरातूनच होते. न्यू जर्सीचा भाचा येताना हौसेने सेटची जोडी आणतो. ती अमेरिकेच्या एफआरएसची, म्हणजे ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवरची. तिथे ती परवानामुक्त आहे, इथे नाही. दिसायला दोन्ही डबे सारखेच, "चॅनल १" दोन्हींवर लिहिलेलं, पण एकमेकांना ऐकू येत नाहीत. आणि ऐकू आले असते तरी वापरायचे नाहीत.

या सेटांवर "प्रायव्हसी कोड" म्हणून जे विकतात ते गुप्त काही नसतं. तो सीटीसीएसएस टोन, म्हणजे बोलण्यासोबत जाणारा एक खालचा सूर असतो. दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या स्पीकरपर्यंत येऊ देत नाही, तुमचं मात्र सगळ्यांना ऐकू जातं. सहापैकी एका सेटचा कोड चुकून बदलला की "याचा सेट बिघडला" अशी तक्रार येते. निघण्यापूर्वी पायथ्याशी सगळ्या सेटांचा चॅनल आणि कोड एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.

२७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सीबी

सीबीची दंतकथा अमेरिकेची. १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झवर २३ चॅनल खुले झाले. १९७३ च्या तेलटंचाईत ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि ट्रकवाले पंप कुठे उघडा आहे, पोलीस कुठे दबा धरून आहेत, हे एकमेकांना सांगू लागले. नावाऐवजी टोपणनाव, होकाराऐवजी "टेन-फोर", महामार्गासाठी चॅनल १९, आणीबाणीसाठी ९. १९७७ पासून चॅनल ४० झाले. ब्रिटनमध्ये बेकायदा सेटांचा इतका सुळसुळाट झाला की २ नोव्हेंबर १९८१ ला सरकारने सीबी कायदेशीर करून टाकलं, तेही एफएमवर आणि वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर.

भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे, ५ वॅटपर्यंत. ऐकून हुरळून जाऊ नये, कारण अट आहे ती सेटातच बसवलेल्या अँटेनाची. इथली लहर ११ मीटर लांब. पाव लहरीची अँटेना करायची तर पावणेतीन मीटर लागते. हातातल्या सेटवरची दांडी तिच्या निम्मीही नसते, त्यामुळे बरीचशी शक्ती उष्णतेत जाते. गच्चीवर लांब अँटेना उभारणं हीच सीबीची खरी मजा, आणि तीच इथल्या नियमात बसत नाही. परदेशातून ४० चॅनलचा सेट आणला तर आपल्या पट्ट्यात पहिले २७ च चॅनल येतात. २८ वा २७.२८५ वर, म्हणजे हद्दीबाहेर.

झाडीत आणि डोंगराच्या कडेने वळायला २७ मेगाहर्ट्झ ४४६ पेक्षा बरं, हे खरं आहे. पण बोलायला माणूस नाही. मुलांच्या जुन्या रिमोटच्या गाड्याही याच पट्ट्यावर धावायच्या. सौरडागांचा जोर असतो त्या वर्षांत आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवरची बडबड कानावर पडते, तेवढ्यासाठी एखादा शॉर्टवेव्ह रिसीव्हर पुरतो. पहिला सेट म्हणून सीबी घेऊ नका.

हॅमचा हँडी

इथे क्रम उलटा आहे: आधी परवाना, मग सेट. किमान वय १२. एएसओसी या हॅमच्या परवाना-परीक्षेचे दोन भाग, रेडिओचं तंत्र आणि नियम, प्रत्येकी ५० गुण. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला प्रत्येक भागात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात, मोर्स (टिंब-रेषांची संकेतलिपी) लागत नाही, कॉलसाइन (हवेतलं तुमचं ओळखनाव) व्हीयू-३ ने सुरू होतो. जनरल श्रेणीला मोर्सही लागतं आणि कॉलसाइन व्हीयू-२ चा मिळतो. अर्ज सरल संचार पोर्टलवर. पडताळणीला काही महिने धरून चालावं, आणि तोवर ऐकण्याचा सराव करावा. हातात धरायच्या सेटसाठी आपले बँड दोन: १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ.

आता तीन सेट शेजारी ठेवू.

बाओफेंग यूव्ही-५आर २०१२ च्या सुमारास आला आणि त्याने हौसेची किंमतच पाडली. एका चांगल्या जपानी सेटच्या पैशांत चार-पाच येतात. १२८ मेमरी, ७.४ व्होल्टची १८०० एमएएच बॅटरी, आणि बटण दाबलं की "फ्रीक्वेन्सी मोड" म्हणणारी ती बाई. आत जवळजवळ सगळा रेडिओ एकाच चिपमध्ये आहे. स्वस्ताई तिथूनच येते आणि दुखणंही तिथूनच. समोर फिल्टर नावापुरते. गावात छान ऐकू येतं, पण मुंबईत टॉवरच्या शेजारी गच्चीवरची अँटेना जोडली की बलवान सिग्नलांनी रिसीव्हर बधिर होतो आणि रिपीटर (उंचावर बसवलेला, आपलं बोलणं पुन्हा दूरवर पाठवणारा सेट) गायब होतो. रबरी अँटेनावर ऐकू येत होतं आणि मोठीवर येत नाही, असं झालं तर अँटेना निर्दोष आहे, दोष सेटचा. प्रक्षेपणातही हार्मोनिक्सची (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत निघणाऱ्या नको त्या सिग्नलांची) दाबणी प्रत्येक नगाला वेगळी. काही नग मर्यादेत बसतात, काही नाही.

क्वानशेंग यूव्ही-के५ त्याच किमतीच्या आसपास, पण चिप वेगळी, २०० मेमरी, स्क्रीन वाचायला सोपा, यूएसबी-सीने चार्जिंग. हौशी लोकांनी यासाठी स्वतःची फर्मवेअर (सेट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) लिहिली, त्यात स्पेक्ट्रमही दिसतो. शिकणाऱ्याला हे खेळणं फार चांगलं. मात्र दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने तो बहुधा चार्ज होत नाही. जुन्या चपट्या यूएसबीची केबल वापरावी. आणि फर्मवेअरने भलत्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण खुलं होत असलं तरी परवाना तुमच्या बँडपुरताच आहे.

याएसू एफटी-६०आर जुन्या पठडीचा, डबल-कन्व्हर्जन सुपरहेट, म्हणजे आलेला सिग्नल दोन पायऱ्यांत खाली आणून गाळणारा. आता वापरलेलाच शोधावा लागतो. १००० मेमरी, वेगळे नॉब, आणि गर्दीच्या हवेतही शाबूत राहणारा रिसीव्हर. मूळ बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड, १४०० एमएएच, जुन्या नगात ती थकलेलीच असणार. घेताना पूर्ण शक्तीवर अर्धा मिनिट पीटीटी (बोलायचं बटण) दाबून बघा. सेट मध्येच बंद पडला तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याने थोडे थांबून हाच घ्यावा. बाकी महाराष्ट्रात के५, आणि ५आर दुसरा, पडला-भिजला तरी चालेल असा सेट म्हणून.

अँटेना घेताना जोडणी बघा. दोन्ही चिनी सेटांवर एसएमए या स्क्रू-जोडणीची पिन सेटच्या बाजूला असते, याएसूवर उलटं. फुकटातली सुधारणा हवी असेल तर ४९ सेंमी वायर घेऊन तिचं टोक अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूला टेकेल असं अडकवा आणि वायर खाली लोंबती सोडा. ती पाव लहरीची दुसरी बाजू होते. १४५ वर याचा फरक लगेच कळतो.

नवख्यांचं अडतं ते ५आर मध्ये रिपीटर भरताना. हातानं भरायचं तर: व्हीएफओ मोडमध्ये (थेट फ्रिक्वेन्सी टाकायच्या) वरच्या ओळीवर या, मेन्यू ७ चं टीडीआर, म्हणजे दोन्ही ओळी आलटून-पालटून ऐकणं, बंद करा (नाहीतर भलत्याच ओळीवर प्रक्षेपण जातं), रिपीटर तुम्हाला जिच्यावर ऐकू येतो ती फ्रिक्वेन्सी टाका, मेन्यू १३ मध्ये रिपीटरचा सीटीसीएसएस टोन द्या, मेन्यू २७ ने रिकाम्या चॅनलवर साठवा. आता ६०० किलोहर्ट्झ खालची, म्हणजे रिपीटर स्वतः ऐकतो ती फ्रिक्वेन्सी टाकून पुन्हा मेन्यू २७ ने त्याच चॅनलवर साठवा. ही दुसरी फेरी वगळली की ऐकू सगळं येतं, पण रिपीटर तुम्हाला उघडत नाही, कारण सेट ऑफसेट (या दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर) मेमरीत ठेवत नाही. टोन मेन्यू ११ च्या ऐकण्याच्या बाजूला दिला तर उलटं होतं: रिपीटर तो टोन परत पाठवत नसेल तर स्पीकर मुकाच.

संगणकावरून चर्प सॉफ्टवेअरने भरायचं तर "रेडिओ उत्तर देत नाही" हा संदेश दहापैकी आठ वेळा केबलचा प्लग सेटमध्ये पूर्ण न बसल्यामुळे येतो. टक आवाज येईपर्यंत दाबा. कव्हरचं प्लॅस्टिक आडवं येत असेल तर ब्लेडने किंचित तासा. उरलेल्या दोन वेळा केबलमधली नकली चिप विंडोजला नको असते.

पहिले काही दिवस रिपीटरवर नुसतं ऐका. साप्ताहिक नेटवर (ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या हॅमच्या बैठकीत) कंट्रोल स्टेशन हजेरी कशी घेतं, कॉलसाइन कधी बोलतात, "७३" म्हणून निरोप कसा घेतात, ते कानात बसू द्या. मग दोन बोलण्यांच्या मधल्या फटीत फक्त कॉलसाइन सांगायचा आणि थांबायचं. त्याआधी मेन्यू ३९ मध्ये जाऊन रॉजर बीप बंद केलेली बरी. प्रत्येक वाक्यामागे पीप वाजवणारा नवा हॅम रिपीटरवर सगळ्यांना बिनकॉलसाइनही ओळखू येतो.