फुलीच्या टाक्यांचे दोन दिवस
वाटेत दोन जुन्या मैत्रिणींकडे थांबल्यामुळे मी या निवासी क्रॉस-स्टिच (फुलीच्या टाक्यांचे भरतकाम) शिबिराला तासभर उशिरा पोहोचले, तरी शिक्षिकेने माझी जागा राखून ठेवली होती. 14 काउंटच्या आयडा कापडावर, म्हणजे एका इंचात 14 चौकोन असलेल्या भरतकामाच्या कापडावर, सहा पदरी धाग्यातले दोनच पदर घेऊन काम करायचे होते. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला झुकला पाहिजे, हा शिक्षिकेचा आग्रह मला आधी जाचक वाटला, पण पूर्ण झालेला नमुना उजेडात धरल्यावर पटला. रात्रीचे दिवे मात्र इतके मंद होते की गडद निळा आणि काळा धागा वेगळा ओळखता येईना, आणि एवढे शुल्क घेतल्यावर ही उणीव क्षम्य नाही. परतीच्या वाटेवर त्या दोघींपैकी एका मैत्रिणीने माझे कापड उलटे करून मागच्या गाठी मोजल्या.