'हिज गर्ल फ्रायडे' : वेग अजून टिकून आहे

हॉवर्ड हॉक्स यांचा हा 1940 चा सिनेमा जेमतेम दीड तासाचा आहे, पण त्यात संवाद ठासून भरलेत. मूळ नाटकात बातमीदार पुरुष होता. इथे ती संपादकाची घटस्फोटित बायको झाली आणि बातमीचं भांडण प्रेमाचंही झालं. पात्रं एकमेकांचं वाक्य तोडून बोलतात, तरी अर्थ निसटत नाही, कारण कामाचे शब्द वाक्याच्या मधोमध ठेवलेत. गडबडीत बुडतात ती फक्त टोकं. हॉटेलातल्या जेवणाचा प्रसंग पाहा: नायिकेचा होणारा नवरा, विमा विकणारा सरळमार्गी ब्रूस बोलत राहतो आणि संपादक झालेला कॅरी ग्रांट त्याचा साळसूदपणे मामा बनवतो. बातमीदार झालेली रोझलिंड रसेल मात्र ग्रांटला तोडीस तोड, किंबहुना काकणभर सरसच!

फाशीच्या कैद्याची मैत्रीण मॉली हिनं खिडकीतून उडी मारल्यावर सिनेमा क्षणभरही थांबत नाही, ते मात्र खटकतं.

अमेरिकेत याचा कॉपीराइट संपल्यानं फुकटच्या भिकार प्रती उदंड आहेत. आवाज खरखरीत असला की निम्मे विनोद वाया जातात, म्हणून पुनर्संस्कारित (चित्र-आवाज साफ करून दुरुस्त केलेली) प्रतच घ्या. सबटायटल्स लावा. चित्र जवळपास चौरस आहे. टीव्हीवर ताणून पाहू नका, नाहीतर ग्रांटसुद्धा बुटका दिसेल.