मेथड सापडत नाही तेव्हा: एस३, एस४ की एस७?

आर या संगणकभाषेत पॅकेज बांधायला घेतलं की क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचे प्रकार, कोणत्या पद्धतीने लिहायचे हे आधी ठरवावं लागतं. एस३, एस४ आणि एस७ या त्याच्या तीन पद्धती. एस३ सोपं, एस४ शिस्तीचं, एवढं सगळेच सांगतात. तेवढ्यावर निर्णय घेऊ नये असं माझं मत आहे. मेथडची, म्हणजे एखाद्या क्लाससाठी लिहिलेल्या फंक्शनची, व्याख्या चुकली तर ती चूक कुठे उघडी पडते, आणि आधी कोणाला दिसते, लिहिणाऱ्याला की वापरणाऱ्याला, हे बघून ठरवावं. पॅकेजवर जाणारा बराचसा वेळ शेवटी तिथेच जातो.

एस३ ची चूक मुकी असते. समजा 'नमुना' नावाचा क्लास आहे आणि तुम्ही त्याच्यासाठी 'प्रिंट.नमुना' ही प्रिंटची मेथड लिहिली. टेस्ट हिरव्या आल्या. पॅकेज इन्स्टॉल करून कन्सोलवर ऑब्जेक्टचं नाव टाइप केलं, तर सुबक तक्त्याऐवजी आतली कच्ची लिस्ट पडद्यावर ओतली गेली. एरर नाही, वॉर्निंग नाही. नेमस्पेस फाइलमध्ये (पॅकेजमधलं बाहेर काय दिसेल हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) मेथडची नोंदणी करायची राहिलेली असते, एवढंच. मग टेस्ट पास कशा झाल्या? जेनेरिक, म्हणजे क्लास बघून मेथड निवडणारं प्रिंटसारखं फंक्शन, जिथून बोलावलं जातं त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (नावं शोधण्याच्या जागेत) आर आधी मेथड शोधतं, आणि नोंदवलेल्या मेथड त्यानंतर बघतं. टेस्टदॅट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या टेस्ट तुमच्या पॅकेजच्या नेमस्पेसच्या आतच चालतात, त्यामुळे त्यांना नोंदणी नसलेली मेथडही सापडते. बाहेरच्या वापरकर्त्याला ती सापडत नाही.

जुनं पॅकेज अंगावर आलं असेल तर हे जास्तच जपा. पूर्वी मेथड नुसती एक्सपोर्ट केली तरी भागायचं, कारण लायब्ररी जोडली की ती सर्च पाथवर, म्हणजे जोडलेल्या पॅकेजांच्या यादीत, मिळायची. २०२० मध्ये आलेल्या आर ४.०.० पासून मेथड शोधताना ग्लोबल (वापरकर्त्याची जागा) आणि बेस (आरचं मूळ पॅकेज) यांच्यामधला सर्च पाथ वगळला जातो. वर्षानुवर्षं चाललेला कोड 'काहीच न बदलता' बिघडला अशी तक्रार आली, तर पहिला संशय इथे घ्यावा. नेमस्पेस फाइल लिहून देणारं रॉक्सिजन वापरत असाल तर मेथडच्या डोक्यावर एक्सपोर्टचा टॅग लावा, नोंदणीची ओळ ते स्वतः लिहितं.

एस३ चं दुसरं दुखणं आर्ग्युमेंटच्या नावांचं. प्रिंटच्या जेनेरिकमध्ये पहिलं आर्ग्युमेंट 'एक्स' आहे. समरी आणि प्रेडिक्टमध्ये ते 'ऑब्जेक्ट' आहे. तुम्ही प्रेडिक्टच्या मेथडमध्ये हौसेने 'मॉडेल' लिहिलं आणि शेवटचे तीन ठिपके (जादा आर्ग्युमेंट सामावून घेणारे) गाळले, तर रोजच्या वापरात काही बिघडत नाही. कोणी 'ऑब्जेक्ट' असं नाव देऊन हाक मारली की मात्र 'अनयूज्ड आर्ग्युमेंट' म्हणून एरर येते. 'आर सीएमडी चेक' ही पॅकेज तपासणारी आज्ञा हे बरोबर पकडते. जेनेरिक आणि मेथड जुळतात का याची तपासणी त्यात आहे, म्हणून ती वॉर्निंग 'नंतर बघू' या खात्यात टाकू नये. नावातल्या टिंबाचा घोळ वेगळाच: 'टी.डेटा.फ्रेम' ही 'टी' या जेनेरिकची मेथड, पण 'टी.टेस्ट' हे स्वतंत्र जेनेरिक. नुसतं नाव बघून हे कळायला मार्ग नाही.

एस४ उलट बोलभांड. बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स यांनी ज्या एस भाषेची पायाभरणी केली, तिच्या १९९८ च्या आवृत्तीतून ही पद्धत आली. इथे क्लास, जेनेरिक आणि मेथड तिन्ही आधी जाहीर करावे लागतात, आणि क्रम चुकला की पॅकेज इन्स्टॉल होतानाच बोंब उठते. फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात. मेथडची फाइल जेनेरिकच्या आधी आली तर अशा फंक्शनची व्याख्याच नाही, असं म्हणून काम थांबतं. क्लास अजून जाहीर नसेल तर नुसता संदेश येतो आणि गाडी पुढे जाते. पालक क्लास नसेल तर पुन्हा थांबते. उपाय दोन. डिस्क्रिप्शन फाइलच्या कोलेट रकान्यात क्रम लिहा, किंवा बायोकंडक्टर या जनुकीय डेटाच्या आर-पॅकेज प्रकल्पातल्यांसारखे सगळे क्लास 'ऑलक्लासेस' आणि सगळी जेनेरिक 'ऑलजेनेरिक्स' नावाच्या फाइलीत ठेवा. कोलेट जास्त भरवशाचं.

'शो' या एस४ ऑब्जेक्ट छापणाऱ्या जेनेरिकची मेथड लिहिताना आर्ग्युमेंटचं नाव चुकलं तर एस४ ते स्वतःच बदलून घेतं आणि वॉर्निंग देतं. पण तिथे 'डिजिट्स' असं जादा आर्ग्युमेंट घुसवलंत तर साफ नकार मिळतो, कारण शोच्या जेनेरिकमध्ये तीन ठिपके नाहीत.

एस४ लाही एक मुकी खोड आहे. दोन पॅकेजांनी एकाच नावाचं जेनेरिक आपापलं बनवलं, तर नंतर लोड झालेलं आधीच्याला झाकतं आणि 'मेथड सापडत नाही' असं ऐकू येतं. शोमेथड्स हे फंक्शन चालवून जेनेरिक कोणत्या पॅकेजचं आहे ते बघा. बायोकंडक्टरने बायोकजेनेरिक्स हे पॅकेज याचसाठी काढलं.

मग घ्यायचं काय? एकटा माणूस, छोटं पॅकेज, मॉडेल बसवून प्रिंट-समरी-प्रेडिक्ट एवढंच काम: एस३, डोळे मिटून. फक्त इन्स्टॉल केलेल्या पॅकेजवर, ताज्या सेशनमध्ये, कन्सोलवरून एकदा हात फिरवायची सवय लावा. जनुकीय डेटासाठी बायोकंडक्टरमध्ये जायचं असेल, किंवा मॅट्रिक्स पॅकेजसारखं दोन आर्ग्युमेंटांच्या क्लासवरून मेथड निवडायची असेल, तर एस४. केवळ 'प्रोफेशनल दिसतं' म्हणून एस४ घेणाऱ्यांची मला कीव येते.

एस७ क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजांच्या अधिकृत भांडारात, २०२३ मध्ये आलं. कोरी पाटी असेल तर मी आज याचा गंभीरपणे विचार करेन: व्याख्या सुटसुटीत, दोन आर्ग्युमेंटांवर निवड शक्य, आणि एस३ च्या जेनेरिकसाठीही मेथड लिहिता येतात. अडतं ते एका ठिकाणी. पॅकेज लोड होतानाच्या ऑनलोड फंक्शनमध्ये 'मेथड्स रजिस्टर'ची हाक घालायला विसरलात, तर दुसऱ्या पॅकेजच्या जेनेरिकवर लिहिलेल्या तुमच्या मेथड इन्स्टॉल झाल्यावर गायब होतात. आर ४.३.० च्या आधीच्या आवृत्त्या चालवायच्या असतील, तर प्रॉपर्टी (ऑब्जेक्टच्या आत ठेवलेली माहिती) वाचण्याचं ॲट चिन्हही एस७ मधून इम्पोर्ट करावं लागतं.

चालतं पॅकेज मात्र केवळ नव्याच्या हौसेने एस४ वरून एस७ वर नेऊ नका. त्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्यांच्या पॅकेजांत तुमच्या क्लासची नावं लिहिलेली असतात, आणि ती मोडली की पत्र तुम्हालाच येतं.